घागरीखालची घोण

चोपडा,
१२ मे १९८९

चि. अभिमन यास कौतिकमामाचे अनेक आशीर्वाद.

अक्षय्य तृतीया, आपली आखाजी, झाली. तुझी बेबामामी पौषात गेली, म्हणून यंदा तिच्या नावाची पहिली घागर. रूपचंदच्या लताने मनापासून सगळं केलं. सुनेच्या हाताला सासूचंच वळण आहे. न्हाणीच्या भिंतीलगत, जिथे मातीची जमीन अजून शिल्लक आहे, तिथे घागर मांडली. वर छोटा लोटा, त्यावर डांगर, शेजारी सांजोऱ्या. उन्हाने अंगण तापलेलं, आणि घागर पाझरून तिच्याखाली तेवढी ओल.

दुपारी जेवणं झाल्यावर त्या ओलीत एक घोण येऊन बसली. चांगली वीतभर, काळपट पाठीची आणि शेंदरी पायांची. तुझ्या आवडीचा प्राणी, म्हणून तुला लिहितो आहे. गेल्या दिवाळीत तू आमच्या बांधावर पालथा पडून दगड उलटत होतास, तेव्हा तुझी मामी म्हणाली होती, "कॉलेजमा शिकाडस आनि आठे दगडं उलथस का रे!" ते हसू मला अजून दिसतं. ऐकू मात्र येत नव्हतं. चाळीस वर्षांच्या सोबतीचा आवाज चार महिन्यांत कानातून पुसला जातो, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

असो. लता ओरडली, "नाना, सरका तठून! घोन शे ती!" आणि तिने चप्पल काढली. शेजारचे पुनाआबा सांजोरी खात बसले होते. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे माय. आखाजीना दिन ओलले जे येस, ते पानी पेवाले येस. त्याले हाकलू नही." गेलेलं माणूसच त्या रूपाने येतं, असं आमच्या गल्लीत मानतात. लताने चप्पल खाली टाकली. मी घागर जरा तिरकी करून पाहायला गेलो आणि घोणीने माझ्या करंगळीशेजारच्या बोटाला धरलं.

लहानपणी चाळीसगावला मला घोण चावली होती. निखारा हातात दाबून धरावा तशी आग, सकाळपर्यंत लोळत होतो. त्या आगीची वाट पाहत मी उभा राहिलो. आग आलीच नाही. बोट गार झालं, मग मनगट, मग दंड. छातीतला ठोका लांब गेला, दूरच्या शेतात बसून शाळेची घंटा ऐकावी तसा. आणि अभिमन, मला बेबा गुणगुणताना ऐकू आली.

पहिलीच्या मुलांना मोजणी शिकवायला मी एक कविता केली होती, ठाऊक असेल तुला.

अनेरकाठी बगळे किती,
मोजू या मुलांनो, धरून पंक्ती.

आमची खोली शाळेला लागून. बेबा दाराशी मठाचे दाणे निवडत बसायची आणि ऐकून ऐकून सगळ्या कविता तिला पाठ. अक्षर एक येत नव्हतं, पण चाल तिची अशी की मुलं तिच्याच चालीवर म्हणत. ती तशीच, शेजारच्या खोलीतून यावी तशी, 'अनेरकाठी बगळे' इथपर्यंत गुणगुणली आणि थांबली. मग मला झोप लागली.

उठलो तो बरा होतो. लता म्हणते ऊन लागलं. पुनाआबा म्हणतात, आपल्या माणसाचा चावा दुखत नसतो. तू शिकलेला आहेस, तू काय म्हणतोस?

तुझा
कौतिकमामा


धुळे,
२१ मे १९८९

तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. पोरीला निजवल्यावर प्रमिलाला वाचून दाखवलं, तिचे डोळे भरून आले. माझं खरं सांगायचं तर मी ते उभ्याउभ्याच पुन्हा वाचलं.

मामा, आपण ज्यांना सरसकट घोण म्हणतो, त्या सगळ्या एका जातीच्या असतीलच असं नाही. पायांच्या जोड्या तेवढ्याच, रंग तोच, लांबी तीच. भिंगाखाली धरल्या तरी जुळ्या बहिणींसारख्या. पण विष वेगळं. विष काढल्याशिवाय कळतच नाही की या बहिणी नव्हेत, एकमेकींच्या कुणीही नव्हेत. एकाच जातीतसुद्धा मुलखामुलखाप्रमाणे विष बदलतं. घोण तोंडाने चावतही नाही, तोंडाजवळच्या पहिल्या पायांची तिने नांगी करून घेतलेली असते. धुळ्याच्या माळावरच्या सगळ्या घोणींचं विष जाळतं, तुम्हाला चाळीसगावला जाळलं तसं. गार करणारं विष मी आजवर पाहिलेलं नाही. सातपुड्याच्या पायथ्याला एखादी निराळीच जात आपल्यात मिसळून राहत असेल आणि आपण तिला नेहमीची समजून चपलेने मारत आलो असू.

ती मला जिवंत हवी आहे. डालड्याच्या डब्यात ओली माती घाला, झाकणाला दाभणाने भोकं पाडा. रूपचंदभाऊ सरकीच्या कामाने धुळ्याला येतो, त्याच्या हाती द्या. चिमट्याने धरा, पुन्हा हात लावू नका. जात नवी निघाली तर तिला मामीचं नाव देईन. कागदावर कायमचं राहील ते.

मामीच्या आवाजाचं म्हणाल तर सकाळपासूनची पूजा, ऊन आणि वर विष. मेंदू अशा वेळी आवडतं तेच ऐकवतो. मनाला लावून घेऊ नका.

आपला
अभिमन


चोपडा,
१८ जून १९८९

चि. अभिमन यास आशीर्वाद.

डबा रूपचंदबरोबर पाठवतो आहे. उघडताना जपून.

आता खरं ते लिहितो, रागावू नकोस. घागर मी अजून हलवलेली नाही. लता रोज म्हणते, "नाना, आखाजी गई, आते घागर काढा." मी रोज पाणी घालतो. ओल टिकली, म्हणून ती टिकली. आणि तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात पाहतो तो घागरीखाली एक नाही, दोघी! तू लिहिलंस तशाच, जुळ्या. मी चष्मा लावून, काडी पेटवून पाहिलं, एक फरक काढता येईना. तुला बेबा पाठवून बसलो तर?

तेव्हा मी एकच परीक्षा घेऊ शकत होतो, तीच घेतली. शिक्षकाला दुसरं येतं काय? भिंतीकडच्या घोणीपुढे बोट धरलं. पुन्हा तेच गार, पण खोल. या वेळी गार छातीपर्यंत उतरलं आणि ठोका इतका लांब गेला की वाटलं, पुढचा आता येत नाही. आणि बेबा पूर्ण म्हणाली. दुसरी ओळ तिने तिच्या शब्दांत म्हटली. माझी ओळ तिला कधीच आवडली नव्हती. ती स्वतःची ओळ म्हणायची, तीही मुलं घरी गेल्यावर, फक्त माझ्यापुढे. रूपचंदलासुद्धा ती ठाऊक नाही. तुलाही लिहीत नाही. नवरा-बायकोत एवढी एक ओळ असू दे.

शुद्धीवर आलो तर दोघी पुन्हा घागरीच्या बुडाशी गेलेल्या. मग अंदाजाने भिंतीकडची ठेवली आणि दुसरी चिमट्याने धरून डब्यात घातली. तुझं संशोधन तिच्यावर कर. दोघी दिसायला सारख्याच तर आहेत.

हात अजून गार वाटतो, अक्षर हललं आहे ते त्यामुळे. लता माझ्याशी बोलत नाही. काल जेवण वाढताना तेवढं म्हणाली, "आत्या गई. आते तुमले बी जानं शे का?" लहानपणी कविता म्हणताना शेवटची ओळ आली की पोरं आवाज चढवतात ना, तसं माझं झालं आहे. शेवट जवळ आला की उत्साह वाढतो.

तुझा
कौतिकमामा


धुळे,
९ जुलै १९८९

तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार.

हे पत्र लताला वाचून दाखवा. नाही दाखवलंत तर मी रूपचंदभाऊला वेगळं लिहीन.

डब्यातल्या घोणीचं विष थोडं थोडं काढून पांढऱ्या उंदरांना टोचलं. पहिल्या खेपेला उंदीर गार पडून झोपले आणि उठले. काही दिवसांनी दुसऱ्यांदा टोचलं, जास्त वेळ झोपले आणि उठले. तिसऱ्या खेपेला एकही उठला नाही. तडफड नाही, फेस नाही. झोपेतच ठोका थांबला. एका खेपेच्या विषाने काही होत नाही, पण प्रत्येक खेप काळजावर काही तरी ठेवून जाते आणि तिसरी खेप हिशेब पुरा करते.

मामा, तुम्हाला दोनदा झालं आहे.

घागर काढा. जमीन खणून चुना टाका. ती दिसली तर लताच्या हातात चप्पल द्या आणि तोंड फिरवून उभे राहा. मी पुतण्या-भाच्यांतला सर्वांत लाडका म्हणून तुम्ही मला खांद्यावर बसवून अनेरवर नेलंत, त्याची आण घालतो.

आपला
अभिमन

ता. क. डब्यातली घोण मी माझ्या टेबलावरच ठेवली आहे. माती बदलताना काळजी घेतो.


चोपडा,
३० ऑगस्ट १९८९

चि. अभिमन यास आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, कारण हात सुजला होता. का, ते सांगतो.

तुझं पत्र मी लताला दाखवलं नाही. पोळ्याच्या आधी एका सकाळी अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो, आणि भिंतीकडच्या घोणीपुढे बोट धरलं. मरायला गेलो होतो असं समजू नकोस. ऐकायला गेलो होतो. ऐकता ऐकता जे होईल त्याला माझी ना नव्हती.

निखारा, अभिमन! चाळीसगावचा तोच निखारा. मी ओरडलो तो पुनाआबा भिंतीवरून उडी मारून आले, या वयात. दंड खांद्यापर्यंत सुजला, डॉक्टरने इंजेक्शनं दिली, दोन रात्री लता उशाशी बसून होती. तिने त्या घोणीचा चपलेने भुगा केला आणि घागर फोडली. मी अडवलं नाही. ती बेबा नव्हतीच.

म्हणजे बेबा मी माझ्या हाताने, चिमट्यात धरून, डालड्याच्या डब्यात घालून तुला पाठवली. माझ्याकडे तिची जुळी ठेवून घेतली. तू लिहिलंस ना, दिसतात बहिणी आणि असतात कुणीही नाही? ते मी वाचलं आणि तरी चुकलो. तुझे उंदीर झोपून उठले नाहीत तेव्हाच तुला कळलं असणार की डब्यात कोण आहे. मला तू ते स्पष्ट लिहिलं नाहीस. माझी काळजी म्हणून लिहिलं नाहीस, एवढं मला समजतं.

आता मागणं एकच. तिला परत पाठव. रूपचंद पुढल्या आठवड्यात येतो आहे. तिसऱ्या खेपेला काय होतं ते मला ठाऊक आहे, तेव्हा ते पुन्हा लिहू नकोस. माझं वय झालं, सून-मुलगा चांगले आहेत, कुणाचं काही अडत नाही. नवरा आपली बायको माहेराहून बोलावतो, त्यात कुणाची परवानगी लागते का?

तुझा
कौतिकमामा


धुळे,
१६ सप्टेंबर १९८९

मामांस नमस्कार.

रूपचंदभाऊला रिकाम्या हाताने पाठवलं, त्याबद्दल क्षमा असावी. ती मेली. पोळ्याच्या सुमारास धुळ्यात फार उकडलं, माती सुकली असावी. सकाळी पाहिलं तर वेटोळं करून पडली होती. स्पिरिटमध्ये ठेवली आहे. नाव द्यायचं तर एक देह बाटलीत ठेवावाच लागतो, तो नियम आहे.

तेव्हा आता हा विषय संपला असं समजा. घरात रमा. नातवंडांना कविता शिकवा. मी अलीकडे कॉलेजातून लवकर येतो आणि टेबलाशी शांत बसतो. प्रमिला चिडते. पोर मांडीवर येऊ पाहते, तिला उतरवून ठेवतो. काम असतं. लिहिताना हात जरा गार पडतो, थंडी लवकर आली असावी.

दुःखाचं मोजमाप करू नये, मामा. किती गेलं, किती उरलं, कशाला ते? मोजू नका हो, उडून जाती.

आपला
अभिमन


चोपडा,
२० सप्टेंबर १९८९

अभिमन,

मायना लिहायला वेळ नाही. हे पत्र रूपचंद घेऊन येतो आहे, पोस्टावर माझा भरवसा नाही.

'मोजू नका हो, उडून जाती.' ही ओळ तुला कुणी सांगितली?

मी तुला ती लिहिली नव्हती. बेबाने ती माझ्याखेरीज कुणापुढे म्हटली नव्हती. ती ओळ ऐकायची एकच जागा आता या जगात उरली आहे, आणि ती तुझ्या टेबलावर आहे. तेव्हा ती मेली हे खोटं आहे. आणि दुसरं. पहिल्या खेपेला ती बगळ्यांपाशी थांबते. ही ओळ दुसऱ्या खेपेला येते. म्हणजे तुझ्या दोन खेपा झाल्या. पहिली माती बदलताना चुकून झाली असेल. दुसरी चुकून झालेली नाही. तुझं अक्षर पाहिलं मी, जूनमधल्या माझ्या अक्षरासारखं वाकडं आलं आहे.

तू मला उंदरांचं लिहिलं होतंस, आता मी तुला लिहितो. तिसऱ्या खेपेला एकही उठला नाही.

मला समजतं रे. तुझी आई तू रांगत असताना गेली, बेबाने तुला कडेवर वाढवलं. तुलाही तो आवाज हवा असणार, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मी समजत होतो, तो एकट्या माझा. तुला वाटत असेल, आणखी एकदाच, पुढे ती काय म्हणते ते ऐकू. पुढे काही नाही. कविता दोनच ओळींची आहे. मीच केली आहे, मला माहीत असणार.

तेव्हा आज, हे पत्र वाचलं की लगेच, तिला स्पिरिटमध्ये घाल. रूपचंद पत्र देऊन परत फिरणार नाही. तू बाटलीचं बूच लावेपर्यंत तो तुझ्यासमोर बसेल, आणि मला येऊन सांगेल. तुझ्या हाताने होत नसेल तर त्याच्या हाताने करव. त्याला काय आहे ते सांगितलेलं नाही, घोण मारायची आहे एवढंच सांगितलं आहे.

मी तिला परत मागितलं होतं. मागणं मागे घेतो. नवरा म्हणून सांगतो, कारण हे सांगायचा हक्क दुसऱ्या कुणाला नाही. बेबा मेली, अभिमन. पौषात मेली, तापीच्या काठावर मी स्वतः अग्नी दिला. तुझी पोर मांडीवर येऊ पाहते, तिला येऊ दे.

मामा


धुळे,
२२ सप्टेंबर १९८९

ती. मामांस,

पोस्टकार्डच लिहितो. रूपचंदभाऊच्या हाती पत्र देता आलं नाही, का ते पुढे येईल.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. दुपारी, प्रमिला स्वयंपाकघरात, रूपचंदभाऊ माझ्यासमोर खुर्चीवर. त्याला चहा दिला होता. मला ती उचलवेना, म्हणून चिमट्याने त्यानेच तिला उचलून बाटलीत घातलं. म्हणाला, "येवढीशी घोन, आनि नानानी माले इतला लांब धाडं!" हसतच म्हणाला. मी स्पिरिट ओतलं. इतर घोणी आखडतात, आपटतात. ही सरळ झाली आणि हळूहळू पाय एका मागून एक मिटवत गेली.

तेवढ्यात प्रमिला ओल्या हातांनी दारात आली आणि म्हणाली, "आत्ता कोण म्हणत होतं हो? किती गोड चाल होती."

मी काही ऐकलं नव्हतं, मामा. शपथेवर सांगतो, मला या खेपेला काहीच ऐकू आलं नाही. मी रूपचंदभाऊकडे पाहिलं. त्याच्या हातातला चिमटा तसाच होता, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याला घोण कधी चावलेली नाही, मी तिथेच विचारलं. त्याने चहाला हात लावला नाही. चप्पल न घालताच उतरला आणि स्टँडकडे चालत गेला. प्रमिला मागून हाका मारत होती.

पोर आत्ता माझ्या मांडीवर बसून हे कार्ड ओढते आहे. मी बरा आहे.

तो घरी पोचला असेल, त्याला पाणी द्या. आणि काही विचारू नका.

अभिमन